गाडीचा सेन्सर बदलण्यापूर्वी मोजून पाहा

आपल्या रत्नागिरीच्या बाजारपेठेत व्यापार करणाऱ्यांपैकी अनेकांच्या दारात आज पंधरा-वीस वर्षांची जुनी पेट्रोल गाडी उभी आहे. कुणाची मारुती ८००, कुणाची झेन किंवा एस्टीम, कुणाची मालवाहतुकीला उपयोगी पडणारी ओम्नी, आणि एखाद्या शौकिनाच्या शेडमध्ये दोन दारांची स्पोर्ट्‌स कारही झाकून ठेवलेली असते. या गाड्यांची इंजिने अजून दमदार आहेत. परंतु अधूनमधून डॅशबोर्डवर इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा पेटतो, पिकअप कमी होतो, पेट्रोल जास्त लागते, आणि गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळते : "चाचा, सेन्सर गेला." सेन्सर बदलला जातो, पैसे मोजले जातात, आणि आठ दिवसांनी दिवा पुन्हा पेटतो. मग दुसरा सेन्सर, मग तिसरा.

स्पेअर पार्टच्या दुकानात एक पाटी आपण सर्वांनी वाचली आहे : इलेक्ट्रिकचा माल परत घेतला जाणार नाही. म्हणजे चुकीचा सेन्सर घेतला तर तो तोटा कायमचा आपल्या खात्यात जमा होतो. आम्ही कापडाचे व्यापारी. आमच्या धंद्यात मीटरपट्टी लावल्याशिवाय कात्री चालवीत नाहीत. गाडीच्या सेन्सरलाही हाच नियम लागू करावा, एवढेच सांगण्यासाठी हा लेख आहे. सेन्सर घरच्या घरी तपासणे व त्यापैकी बरेचसे स्वतः बदलणे हे काम समजदार माणसाला जमण्यासारखे आहे. मात्र आधी मोजमाप, मग खरेदी.

सेन्सर म्हणजे काय आणि ते आले केव्हा

पूर्वीच्या गाडीत कार्बोरेटर होता. हवा आणि पेट्रोल किती मिसळायचे हे त्यातील जेट व स्क्रू ठरवीत, आणि चांगला मिस्त्री कान लावून तो स्क्रू फिरवून गाडी 'सेट' करीत असे. परदेशात बॉश कंपनीने १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीवर इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणले. आपल्याकडे हा बदल पुष्कळ उशिरा, धुराचे नियम कडक झाल्यावर आला. १९९९ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर दिल्ली परिसरात युरो नियमांची सक्ती झाली, १ एप्रिल २००० पासून देशभर इंडिया २००० हे नियम लागू झाले, भारत स्टेज दोन १ एप्रिल २००५ पासून देशभर, तीन २०१० पासून, चार २०१७ पासून आणि सहा २०२० पासून आले. कार्बोरेटरवर हे नियम सांभाळणे कठीण होते. म्हणून २००० सालच्या सुमारास मारुती ८०० सारख्या साध्या गाडीतही एम.पी.एफ.आय. इंजिन आले.

या इंजिनात एक छोटा संगणक असतो. गॅरेजमध्ये त्याला ई.सी.एम. म्हणतात. किती पेट्रोल सोडायचे आणि ठिणगी केव्हा द्यायची हे तो ठरवितो. पण त्याला स्वतःचे डोळे-कान नाहीत. हवा किती आली, इंजिन किती गरम आहे, पेडल किती दाबले आहे, ही खबर त्याला सेन्सर देतात. एका गालिच्यासाठी चार-पाच कारागिरांकडून निरोप यावेत आणि मुनीमजींनी त्यावरून सुताचा हिशेब करावा, तसाच हा प्रकार आहे. निरोप चुकला तर मुनीमजी कितीही हुशार असले तरी हिशेब चुकणारच.

आणि निरोप तीन प्रकारे चुकतो. निरोप देणारा खोटे बोलत असेल, म्हणजे सेन्सर बिघडला. किंवा निरोप वाटेत हरवला, म्हणजे वायर वा कपलर खराब आहे. किंवा तो खरे बोलतो आहे, पण खराबी दुसरीकडेच आहे. या तिन्ही वेळी पिवळा दिवा एकच पेटतो. सेन्सर बदलून फायदा होतो तो फक्त पहिल्या प्रकारात.

कोणता सेन्सर काय करतो

कूलंट टेम्परेचर सेन्सर : इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर बसलेला असतो. इंजिन थंड असेल तर संगणक पेट्रोल वाढवितो, गरम झाल्यावर कमी करतो. हा सेन्सर 'इंजिन थंडच आहे' असे सांगत राहिला तर काळा धूर येतो आणि ॲव्हरेज पडते. उलट 'गरम आहे' म्हणत राहिला तर सकाळी स्टार्टिंगला त्रास होतो. लक्षात ठेवावे की, पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डच्या काट्यासाठी एक वायरचा वेगळा सेन्सर असतो आणि संगणकासाठी दोन वायरचा वेगळा. काटा बरोबर दाखवितो म्हणून संगणकाचा सेन्सर ठीक आहे असे समजू नये. दुकानात मागतानाही हा फरक सांगावा.

मॅप सेन्सर : मॅनिफोल्डमधील हवेचा दाब मोजतो. तीन वायर. काही गाड्यांत त्याऐवजी एअर फिल्टरजवळ हवा मोजणारा गरम तारेचा सेन्सर असतो. हे बिघडले तर गाडी झटके देते, चढावावर दम सोडते.

थ्रॉटल सेन्सर : ॲक्सिलरेटर किती दाबला ते सांगतो. हाही तीन वायरचा. झिजला म्हणजे ठराविक जागी पाय आला की गाडी अडखळते.

ऑक्सिजन सेन्सर : सायलेन्सरच्या पाइपवर, इंजिनाजवळ असतो. जळलेल्या धुरात ऑक्सिजन उरला की नाही ते पाहतो. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, आणि हे प्रमाण साधले की नाही याची शेवटची साक्ष हा सेन्सर देतो. १९७६ मध्ये व्होल्वो कंपनीने तो प्रथम अमेरिकेत पाठविण्याच्या गाड्यांवर बसविला. हा थकला तर पेट्रोल जास्त जाते आणि पी.यू.सी. मध्ये गाडी नापास होण्याची पाळी येते.

क्रँक सेन्सर : इंजिन फिरते आहे आणि पिस्टन कुठे आहे हे सांगतो. हा गेला तर ठिणगी व पेट्रोल दोन्ही बंद. त्याची ओळखीची बीमारी अशी की, गाडी गरम झाल्यावर चालता-चालता बंद पडते आणि अर्ध्या तासाने थंड झाली की जणू काही घडलेच नाही अशी पुन्हा सुरू होते. आंबा घाटात, गाडीत इचलकरंजीचा माल भरलेला असताना, हा प्रकार फार महागात पडतो.

याशिवाय कॅम सेन्सर, हवेच्या तापमानाचा सेन्सर आणि इंजिनाची ठोक ऐकणारा नॉक सेन्सर असतो. पण तक्रारी बहुतेक वर सांगितलेल्या पाचांच्याच असतात.

दिवा म्हणजे तक्रार, फैसला नव्हे

हल्ली स्कॅनर स्वस्त झाले आहेत. तो लावला की एक नंबर येतो, उदाहरणार्थ 'मिश्रण पातळ' किंवा 'ऑक्सिजन सेन्सर, व्होल्टेज कमी'. हा नंबर वाचून लगेच ऑक्सिजन सेन्सर मागविला जातो. आता विचार करा. मॅनिफोल्डचा रबरी पाइप फाटला आणि तेथून फालतू हवा आत गेली, तर मिश्रण खरोखरच पातळ होईल, धुरात ऑक्सिजन खरोखरच जास्त येईल आणि सेन्सर तेच इमानदारीने सांगेल. आपण मात्र खरे बोलणाऱ्या साक्षीदाराला काढून टाकून नवा साक्षीदार आणला. तोही तेच सांगणार!

शिवाय आपल्याकडे वाहनात संगणकी तपासणीची सक्ती २०१० पासून, आणि तिची पुढची पायरी २०१३ पासून आली. त्याआधीच्या गाड्यांत बाजारातील साधा स्कॅनर जोडला तरी अनेकदा बोलतच नाही. अशा गाडीला कंपनीचे जुने यंत्र तरी लागते किंवा मल्टिमीटर तरी. मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो आणि सर्व गाड्यांना चालतो.

आमच्या बाजारातील एका दुकानदाराच्या जुन्या झेनला कूलंट सेन्सर दोनदा बदलण्यात आला होता. दिवा जातच नव्हता. शेवटी एका तरुण वायरमनने कपलर उघडून दाखविला, तर आतली एक पिन हिरवी पडून भुगा झाली होती. सेन्सरचे दोन्ही डाग चांगले होते, जुनाही आणि नवाही. कपलरची पिन बदलली आणि काम झाले.

कोकणची हवा आणि गाडीचे वायरिंग

ही हिरवी पिन आपल्या मुलखाची खास बीमारी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि मिरकरवाड्यासारख्या किनाऱ्यावरील वस्तीत वाऱ्यातच मीठ असते. तांब्या-पितळेच्या पिनेवर ते बसले की वीज अडते. संगणक ज्या सिग्नलवर चालतो तो ५ व्होल्टच्या आतला असतो, म्हणून हेडलाईटला जे गंजणे जाणवणार नाही ते सेन्सरला जाणवते. दुसरा दुश्मन उंदीर. पावसाळ्यात उबेसाठी तो बॉनेटखाली येतो आणि वायर कुरतडतो. तिसरी गोष्ट अर्थिंग. इंजिन, बॉडी आणि बॅटरी यांना जोडणाऱ्या पट्ट्या गंजल्या तर एकाच वेळी तीन-चार सेन्सर 'खराब' दिसू लागतात. एकदम अनेक सेन्सरची तक्रार आली तर सेन्सर नव्हे, अर्थिंग तपासावे.

स्पोर्ट्‌स कारच्या शौकिनांनी याकडे जास्तच लक्ष द्यावे. आपल्या शेजारच्या गोव्यात सॅन मोटर्स कंपनीने सॅन स्टॉर्म नावाची उघड्या टपाची दोन दारी छोटी गाडी बनविली होती. आता ती तयार होत नाही. तिला रेनो कंपनीचे ११४९ सी.सी. चे पेट्रोल इंजिन आणि फायबर ग्लासची बॉडी. फायबरला गंज लागत नाही हे समुद्रकाठी फारच चांगले. परंतु फायबरमधून वीजही जात नाही. पत्र्याच्या गाडीत बॉडीच परतीच्या वायरचे काम करते. फायबरच्या गाडीत प्रत्येक परतीला वेगळी वायर लागते आणि ती चॅसीच्या एखाद्या बोल्टवर येऊन मिळते. तो बोल्ट गंजला म्हणजे सगळा कारभार बिघडला. अशा गाडीत सेन्सर मागविण्याआधी हे बोल्ट उघडून घासून पुन्हा आवळणे हे पहिले काम.

या गाडीवरून दुसराही धडा मिळतो. कंपनी बंद झाली म्हणजे सेन्सर मिळणार नाही, असे नाही. हेच इंजिन युरोपात रेनोच्या क्लिओ आणि ट्विंगो या गाड्यांत बसत होते. सेन्सर गाडीच्या नावाचा नसतो, इंजिनाचा असतो. जुन्या सेन्सरवर कोरलेला नंबर उतरवून घेतला तर दुसऱ्या गाडीच्या नावाने तोच माल मिळू शकतो.

घरी तपासणी कशी करावी

लागणारे सामान : मल्टिमीटर, चांगल्या प्रतीचे पाने, टॉर्च, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, शक्य तर त्या गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल. पुढे दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा.

पहिले काम डोळ्यांनी. कपलर एकेक करून काढून पाहावा, पिन हिरवी वा सैल आहे का, वायर कुरतडली आहे का. रबरी पाइप वाकवून पाहावेत. इंजिन सुरू असताना मॅनिफोल्डच्या जोडावर थोडे साबणाचे पाणी शिंपडावे. आवाज बदलला तर हवा तेथूनच जाते आहे. पाणी वायरिंगवर उडवू नये.

दुसरे काम बॅटरी आणि अर्थिंग. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून दुसऱ्याला स्टार्टर मारावयास सांगावे. मीटर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवीत असेल तर अर्थिंगची पट्टी खराब आहे. इंजिन सुरू असताना सेन्सरच्या परतीच्या वायरवर हाच आकडा ०.१ व्होल्टच्या आत असावा.

तिसरे काम ५ व्होल्टची पुरवठा वायर. मॅप आणि थ्रॉटल सेन्सरचा कपलर काढून, चावी फिरवून (इंजिन सुरू न करता) पाहावे. एका पिनेवर ५ व्होल्टच्या आसपास आले पाहिजेत. आले नाहीत तर दोष सेन्सरचा नाही. कधी कधी एकच शॉर्ट झालेला सेन्सर सर्वांचे ५ व्होल्ट खाऊन टाकतो. अशा वेळी एकेक कपलर काढत जावे. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले तो गुन्हेगार.

त्यानंतर सेन्सर. कूलंट सेन्सरच्या दोन पिनांमध्ये रोध मोजावा. थंड इंजिनावर, म्हणजे २० ते २५ अंशाला, तो साधारण दोन ते तीन हजार ओहम असतो. ८० अंशाला तीनशेच्या आसपास येतो. सेन्सर बाहेर काढलेला असेल तर चहाच्या पातेल्यात पाणी तापवीत, फक्त टोक बुडवून, थर्मामीटरसह पाहता येते. पाणी तापेल तसा आकडा सारखा उतरत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा आकडाच आला नाही तर सेन्सर बाद.

थ्रॉटल सेन्सर : कपलर जोडलेला ठेवून सिग्नलच्या वायरवर व्होल्ट पाहावे. पेडल सोडलेले असताना साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण दाबल्यावर चारच्या वर. पेडल हळूहळू दाबावे. आकडा न अडखळता चढला पाहिजे. मध्येच शून्यावर पडला तर तेथेच पट्टी झिजली आहे.

मॅप सेन्सर : इंजिन बंद, चावी चालू असताना आपल्या किनाऱ्यावर चार व्होल्टच्या जवळपास. इंजिन सुरू केल्यावर सुमारे एक ते दीड व्होल्ट. फरक पडत नसेल तर आधी त्याचा रबरी पाइप निघाला आहे का ते पाहावे.

ऑक्सिजन सेन्सर : हा सुमारे ३०० अंश गरम झाल्याशिवाय काम करीत नाही, म्हणून इंजिन चांगले तापवून, जरा रेस देऊन तपासावा. सिग्नल ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वर-खाली हलला पाहिजे. आळशीपणाने हलत असेल तर तो म्हातारा झाला. तळाशीच चिकटून असेल तर एकदम पेडल दाबून पाहावे. आकडा वर उसळला तर सेन्सर जिवंत आहे आणि खराबी हवेच्या गळतीची किंवा कमी पेट्रोलची आहे. सिग्नलच्या वायरला ओहमच्या रेंजवर मीटर कधीही लावू नये. आतील हीटरच्या दोन वायर मात्र, बहुधा एकाच रंगाच्या, ओहमने मोजता येतात. काही थोडे ओहम यावेत, अखंड उघडे दिसले तर हीटर जळाला.

क्रँक सेन्सर दोन वायरचा असेल तर त्याच्या गुंडाळीचा रोध थंड आणि गरम असे दोन्ही वेळा मोजावा. गरम झाल्यावर तुटत असेल तर बीमारी सापडली. तीन वायरचा असेल तर त्याला ओहमने मोजू नये, तो वेगळ्या जातीचा आहे.

बदलण्याची पद्धत

इंजिन पूर्ण थंड असावे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून. खाली जायचे असेल तर केवळ जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेत. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नये, सायलेन्सरचा धूर जीव घेतो आणि त्याला वास असेलच असे नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. मोबाइलवर कपलर आणि वायरच्या जागेचा फोटो काढून ठेवावा.

कपलर काढताना वायर ओढू नये, लॉक उचलून मग कपलर ओढावा. जुना प्लास्टिक कडक झालेला असतो, जोर केला की तुकडा हातात येतो.

कूलंट सेन्सर काढण्यापूर्वी नवा हातात तयार ठेवावा. थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण सैल करून दाब सोडावा. जुना काढताच अंगठा लावून नवा बसवावा म्हणजे फार कूलंट सांडत नाही. वॉशर वा रिंग नवी वापरावी. तो पितळेचा असतो, आवळताना ताकद दाखवू नये. एक वायरचा सेन्सर चुडीतूनच अर्थ घेतो, त्याच्या चुडीवर टेप गुंडाळली तर सेन्सर मुका होतो. नंतर कूलंट भरून हवा काढावी.

ऑक्सिजन सेन्सर सर्वांत हट्टी. आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल चुडीला मारून ठेवावे. पाइप किंचित कोमट असताना सुटतो. वायर जाण्यासाठी खाच असलेला त्याचा खास सॉकेट मिळतो, तो वापरावा. नव्या सेन्सरच्या फक्त चुडीला उष्णता सहन करणारे ग्रीस लावावे, टोकाला नाही. त्याच्या आसपास सिलिकॉनचा सीलंट वापरू नये, सिलिकॉनची वाफ त्याला मारते. वायर जोडावीच लागली तर कथिल लावून न जोडता दाबून जोडावी, कारण अनेक सेन्सर वायरमधूनच बाहेरची हवा घेतात.

थ्रॉटल सेन्सरच्या स्क्रूची भोके लांबट असतात. म्हणून काढण्यापूर्वी जुन्याची जागा टोकदार सुईने ओरखडून ठेवावी आणि बसविल्यावर पेडल सोडलेल्या स्थितीत व्होल्ट जुळवून मग स्क्रू आवळावा. नॉक सेन्सर मात्र नेमक्याच जोराने आवळावा लागतो, टॉर्क पाना असेल तरच हात लावावा.

सर्व जोडल्यावर बॅटरी जोडून इंजिन काही मिनिटे रिकामे चालू ठेवावे, मग वीस-तीस किलोमीटर फेरी मारावी. संगणक नव्या सेन्सरशी जुळवून घेतो. लगेच आयडलिंग थोडे वर-खाली झाले तर घाबरू नये. पुन्हा दिवा पेटला तर मात्र मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

माल कुठून घ्यावा

कापडाची किनार पाहून माल ओळखणारे आपण, सेन्सरच्या डब्याला मात्र फसतो. डबा छापणे सोपे आहे. सेन्सरवर नंबर कोरलेला आहे का, कपलरचे प्लास्टिक स्वच्छ आहे का, पिना सरळ आहेत का, आणि जुन्याशी नंबर जुळतो का, हे पाहावे. बिल घ्यावे. दुकानदाराची परवानगी असेल तर काउंटरवरच मीटर लावावा. कूलंट सेन्सरचा आकडा तेथल्या तेथे कळतो. मुंबईत कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर जुन्या गाड्यांचे निघालेले पार्ट मिळतात. पूर्ण वायरिंग आणि कपलर असलेला ओरिजिनल जुना डाग हा कित्येकदा नव्या डुप्लिकेटपेक्षा बरा. विशेषतः कपलर आणि पिना घ्याव्यात, त्या नव्या सहजासहजी मिळत नाहीत. पण जुना ऑक्सिजन सेन्सर घेऊ नये, तो वापराने थकणाराच डाग आहे.

एक गोष्ट आजच्या काळाची. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉलला तेवढ्याच हवेत जास्त इंधन लागते. चांगला ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखून संगणकाला सांगतो. मेलेला सेन्सर सांगू शकत नाही. जुने रबरी पाइपही या पेट्रोलने लवकर खराब होऊ शकतात. म्हणून जुन्या गाडीत सेन्सर व पाइप दोन्ही वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, तपासावेत.

घरी काय करू नये हेही सांगितले पाहिजे. एअरबॅगच्या वायरिंगला हात लावू नये. पेट्रोलची लाइन उघडावी लागत असेल, सी.एन.जी. किटचे वायरिंग मध्ये गुंतलेले असेल किंवा क्रँक सेन्सर गिअरबॉक्सच्या बाजूला अडकलेला असेल, तर ते काम जाणकाराकडेच द्यावे.

तपासणीचे पैसे द्या आणि घ्या

शेवटी एक शब्द गाडीवाल्यांना आणि एक कारागिरांना. आपण तपासणीचे पैसे द्यावयास तयार नसतो. "पार्ट बदला आणि बिल करा," म्हणतो. मग मिस्त्रीचा नफा पार्टमध्येच राहतो, आणि पार्ट बदलला नाही तर त्याची दिवसभराची मेहनत फुकट जाते. अशा हिशेबात सेन्सर 'जाणारच'. ज्याने अर्धा तास मीटर लावून "सेन्सर चांगला आहे, पिन खराब आहे" असे सांगितले, त्याने आपले पैसे वाचविले. त्याला त्या अर्ध्या तासाची मजुरी आनंदाने द्यावी.

आणि आपल्या गॅरेजवाल्या कारागीर बंधूंनी तपासणीचा दर वेगळा लिहून पाटीवर लावावा. काढलेला जुना सेन्सर गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि मीटरचे आकडे बिलावर लिहावेत. कंपनीची मोठी वर्कशॉप पंधरा वर्षांच्या गाडीत रस घेत नाहीत. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करता येते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढते, म्हणजे या गाड्या रस्त्यावर राहणार आहेत. त्यांचे काम तुमचेच आहे. आय.टी.आय. मधून बाहेर पडणाऱ्या ज्या मुलाला पाना आणि मीटर दोन्ही चालविता येतात, त्याला उस्तादांनी आपल्या हाताखाली घ्यावे. उस्तादाचा कान आणि शागीर्दाचा मीटर एका गॅरेजमध्ये आले, तर रमजानच्या मोसमात माल आणावयास निघालेल्या व्यापाऱ्याची गाडी घाटात उभी राहणार नाही, आणि त्या गॅरेजच्या दारात गिऱ्हाईकही कमी पडणार नाही.